रक्तातील तीस मिलिग्रॅम : मद्यपी वाहनचालकांचा कायदा आणि त्यामागील विज्ञान

जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदाचा विषय आम्हाला अपघात विभागातच सुचला. रात्री-अपरात्री जखमी माणसाला घेऊन येणारे नातेवाईक आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘डॉक्टर, वाचेल ना?’ आणि दुसरा, थोडा आवाज खाली आणून, ‘रक्त कशाला घेता? दारूचं काही लिहिणार आहात का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी निराळे असते. दुसऱ्याचे उत्तर एकच आहे; परंतु ते लांबलचक असल्याने अपघाताच्या रात्री देता येत नाही. ते येथे देत आहोत.

वांगणी म्हटले की मुंबईकडील हितचिंतकांना बदलापूरच्या पुढचे रेल्वे स्थानक आठवते, आणि आपली काही पत्रे अजूनही तिकडे फिरून येतात. आपली वांगणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील. येथे रेल्वे नाही. घाटाची वळणे, पावसाळ्यातील धुके, माणसांनी खच्चून भरलेल्या जीपगाड्या आणि गेल्या काही वर्षांत पाड्यापाड्यावर पोहोचलेली मोटरसायकल, असे येथील रस्त्याचे चित्र आहे. वीटभट्ट्यांवरून तरुण मंडळी शिमग्याला घरी परततात. त्यानंतर लग्नसराई आणि बोहाड्याच्या रात्री येतात. त्या दिवसांत अपघात विभागात कोणाची रात्रपाळी लावायची, हे आम्ही आधीपासून ठरवून ठेवतो.

आता मूळ विषय. एखादा माणूस ‘प्यायलेला’ आहे, हे ठरवायचे कसे? प्रश्न साधा वाटतो; पण त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली होती, आणि तीही आपल्याच राज्यातून. २९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याकडे निघालेल्या एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ परिवहन खात्यातील अधिकारी होते. त्या वेळी मुंबई राज्यात दारूबंदी लागू होती. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या श्वासाला मद्याचा वास आला, डोळे लालसर दिसले, बाहुल्या किंचित विस्फारलेल्या आढळल्या. मात्र बोलणे सुसंगत होते आणि त्यांना सरळ रेषेत चालताही येत होते. मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पोटात गेलेला मद्यार्क औषधातला नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, असा त्या निकालाचा आशय होता. वास सर्वांना मान्य होता. वादाचा मुद्दा होता तो वासाचा अर्थ काय लावायचा हा.

या निकालाने कायदा करणाऱ्यांपुढे पेच उभा केला आणि त्यातून सुटण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेकडे धाव घेतली. १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी कायद्यात (आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) दुरुस्ती होऊन रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, किंवा त्याहून अधिक आढळल्यास आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. त्याच वर्षी वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियमही आले. मोटार वाहन कायद्यात असा आकडा येण्यास त्यानंतर पस्तीस वर्षे लागली, ही गोष्ट आपल्या राज्याच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

हे मोजमाप शक्य झाले त्याचे श्रेय मुख्यत्वे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक विडमार्क यांच्याकडे जाते. १९२२ मध्ये त्यांनी रक्ताच्या मोजक्या थेंबांतून मद्यार्क मोजण्याची पद्धत सिद्ध केली, आणि पुढील दहा वर्षांत मद्यार्क शरीरात कसा पसरतो व किती वेगाने नाहीसा होतो याचे गणित मांडले. पोट आणि आतड्यांतून तो रक्तात येतो, रक्तावाटे मेंदूत जातो आणि मग यकृत त्याचा निचरा करते. तोही जवळजवळ एकसारख्या गतीने, दर तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम. माणसामाणसांत फरक असतोच. पण काळी कॉफी, लिंबू किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. विडमार्क यांच्या संशोधनाच्या पायावरच नॉर्वेने १९३६ मध्ये जगात प्रथम ‘इतक्या प्रमाणापुढे वाहन चालविणे हाच गुन्हा’ असा कायदा केला. त्यांची मर्यादा सुमारे ५० मिलिग्रॅम होती.

आकडा मिळाला तरी तो विश्वासार्ह असावा लागतो. याचा धडा पुन्हा महाराष्ट्रानेच दिला, आणि तोही एका जिल्हा रुग्णालयातून. म्हणून आम्हाला तो अधिक जवळचा वाटतो. एप्रिल १९६१ मध्ये धुळ्याजवळ एका मोटारीला अपघात होऊन एक जण दगावला. चालकाला धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेण्यात आले आणि तेथील डॉक्टरांनी त्याचे रक्त घेतले. पुढे रासायनिक विश्लेषकाने त्यात ०.०६९ टक्के मद्यार्क असल्याचा दाखला दिला. आकडा मर्यादेच्या वर होता. परंतु कुपी रुग्णालयातून पोलिसांकडे आणि पोलिसांकडून विश्लेषकाकडे जाईपर्यंत बरेच दिवस लोटले होते, आणि धुळ्याचा एप्रिल कसा असतो हे वाचकांना सांगावयास नको. १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याच्या विशेष कलमाबाहेर घेतलेल्या रक्ताचा पुरावाही ग्राह्य ठरू शकतो, असे बहुमताने म्हटले. मात्र मधल्या काळात ते रक्त कोणाकडे आणि कसे जपले गेले होते, हे दाखविण्याची गरजही अधोरेखित केली. यामागे निखळ रसायनशास्त्र आहे. उष्णतेत रक्त नासते, त्यातील साखरेवर जंतू वाढतात आणि ते स्वतःच मद्यार्क निर्माण करू शकतात. उलट झाकण सैल असेल तर असलेला मद्यार्क उडून जातो. सोडियम फ्लोराइड घातलेली नळी आणि शीतकपाट या दोन गोष्टी नसतील, तर न पिणारा माणूस कागदावर मद्यपी ठरू शकतो आणि पिणारा शुद्ध.

१९७१ मध्ये महाराष्ट्रातीलच आणखी एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्वासाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्ताची वा लघवीची चाचणी केलेली नसताना, मद्यपानाचा आरोप सिद्ध होत नाही. वकील मंडळी हा निकाल आरोपीच्या बचावासाठी उद्धृत करतात. आम्हाला मात्र त्यात रुग्णशय्येजवळचे शहाणपण दिसते. कारण अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि बदललेल्या बाहुल्या ही डोक्याला मार लागून कवटीत रक्तस्राव होत असल्याचीही लक्षणे आहेत. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकाएकी उतरली तरी तो असाच बरळतो.

याविषयी एक प्रसंग सांगणे आम्हाला सुखाचे नाही. काही वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडलेल्या एका तरुणाला सोबत्यांनी ‘चढली आहे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून ओटीवर निजविले. तो घोरत होता, म्हणून त्यांना हायसे वाटले. सकाळी तो उठेना, तेव्हा त्याला आमच्याकडे आणले. त्याची एक बाहुली मोठी झाली होती. आम्ही त्याला तातडीने नाशिकला पाठविले. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर; तो वाटेतच गेला. त्याच्या सोबत्यांना दोष द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. त्याच काळातील आमच्या स्वतःच्या नोंदवहीत ‘मद्याचा वास : होय’ एवढेच लिहून पुढे गेलेल्या नोंदी आम्ही नंतर पाहिल्या. वास येणाऱ्या माणसाचे डोके फुटू शकत नाही, असे जणू आम्हीही गृहीत धरले होते. रक्ततपासणीचा पहिला उपयोग येथे आहे, आणि त्याचा पोलिसांशी काही संबंध नाही. माणूस बेशुद्ध असून रक्तातील मद्यार्क अल्प निघाला, तर बेशुद्धीचे कारण अन्यत्र शोधायलाच हवे. तो भरपूर निघाला तरी डोक्याची तपासणी टळत नाही.

रस्त्यावरील मर्यादेचा आकडा कसा ठरला, हे आता पाहू. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टीन नावाचे एक संशोधक होते. पोलीस खात्याच्या प्रयोगशाळेत काम केलेले. श्वासावरून रक्तातील मद्यार्काचा अंदाज देणारे सुटसुटीत यंत्र त्यांनी १९५४ मध्ये तयार केले. परंतु त्यांचे त्याहून मोठे काम १९६२-६३ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात झाले. अपघातात सापडलेल्या सुमारे सहा हजार चालकांचा श्वास त्यांच्या चमूने तपासला. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, अपघात न झालेल्या साडेसात हजारांवर चालकांनाही तशाच ठिकाणी, तशाच वेळी थांबवून तपासले. केवळ अपघातग्रस्तांत किती मद्यपी होते हे मोजून भागत नाही. त्याच रस्त्यावरून त्याच वेळी सुखरूप गेलेल्यांत किती होते, हेही कळावे लागते. १९६४ च्या त्यांच्या अहवालानुसार १०० मिलिग्रॅमला अपघाताचा धोका सहा ते सात पट, तर १५० ला सुमारे पंचवीस पट होता.

या अभ्यासात एक खोचही होती. अगदी थोडे मद्य घेतलेल्यांना न घेणाऱ्यांपेक्षाही धोका कमी दिसत होता, आणि मद्यविक्रेत्यांना हा आकडा आवडला यात नवल नाही. पुढे उलगडा झाला तो असा : रोज थोडी घेणारे लोक वयाने, अनुभवाने आणि वाहन चालविण्याच्या सवयीने निराळे होते, न घेणाऱ्यांत नवशिके आणि वृद्ध अधिक होते. सारख्याशी सारख्याची तुलना केल्यावर तो खळगा नाहीसा झाला. प्रयोगशाळेतील चाचण्याही हेच सांगतात. समोरचा प्रकाश डोळ्यांवर आल्यानंतर सावरणे, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणे या क्षमता ५० मिलिग्रॅमच्या पुष्कळ खालीच ढासळू लागतात. घाटात समोरून दिवे अंगावर येतात तेव्हा नेमक्या याच दोन क्षमतांची गरज असते.

ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. भारताची वाट निराळी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हता. वाहनावर ताबा राहणार नाही इतकी नशा, अशी शब्दयोजना होती. १९८८ च्या नव्या कायद्याने दुसरे टोक गाठले आणि रक्तात ‘कितीही अल्प’ मद्यार्क असला तरी गुन्हा ठरविला. हे ऐकायला चांगले वाटते. परंतु प्रत्येक यंत्राला काही चूक असते, आणि शून्य सिद्ध करणे कोणत्याही प्रयोगशाळेला अवघड असते. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० आणि नवशिक्या व व्यावसायिक चालकांसाठी २० सुचविते. म्हणजे आपली मर्यादा कागदावर पुरेशी कडक आहे. मात्र त्या दुरुस्तीत केवळ श्वासयंत्राचाच उल्लेख होता. जबडा मोडलेला वा बेशुद्ध माणूस यंत्रात फुंकर कशी मारणार? ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणतीही चाचणी’ हे शब्द त्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत कठीण घटक आहे तो वेळ. दर तासाला १५ मिलिग्रॅम हे विडमार्क यांचे गणित वाचकांना आठवत असेल. दोन तासांत तीस. म्हणजे कायद्याची संपूर्ण मर्यादा दोन तासांत शरीरातून निघून जाते. अपघातसमयी ५५ मिलिग्रॅम असलेला चालक दोन तासांनी २५ वर येतो आणि कायद्याच्या लेखी निर्दोष ठरतो. शहरात दोन तास पुष्कळ झाले. येथे दरीत पडलेली जीप कोणाच्या दृष्टीस पडणे, झोळी करून जखमींना वर आणणे, वाहन मिळणे, ठाण्याला खबर लागणे यात किती वेळ जातो, हे आपल्या भागातील वाचकांना ठाऊक आहे. मागे जाऊन हिशोब करता येतो. पण तज्ज्ञही तो हातचा राखूनच करतात, कारण शेवटचा घोट कधी घेतला आणि पोटात अन्न किती होते यावर तो बदलतो. येथील मोहाच्या दारूने त्यात आणखी भर पडते. घरगुती भट्टीतील दारूची तीव्रता दर खेपेस निराळी असते, त्यामुळे ‘दोन पेले चालतात’ यासारखे शहरी हिशोब येथे सर्वस्वी निरर्थक आहेत.

दंड वाढविल्याने अपघात घटतात का, यावरही संशोधन झाले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातील कायद्यांचा अभ्यास केला. ब्रिटनमध्ये १९६७ नंतरच्या पहिल्या वर्षी रस्त्यावरील मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले; पण पकडले जाण्याची शक्यता वाटली होती तेवढी नाही, हे लोकांच्या लक्षात आल्यावर तो परिणाम ओसरत गेला. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक काम करते, हा त्यांचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून कोणालाही, कोठेही थांबवून श्वास तपासण्यास सुरुवात केली आणि तेथील प्राणघातक अपघात लक्षणीय घटले. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून नाकाबंदीची मोहीम जोमाने राबविली, तीही याच तत्त्वावर. आपल्या घाटात रात्री नाकाबंदी क्वचितच दिसते. दहा हजारांच्या दंडाची येथे भीती वाटत नसेल, तर त्यात आश्चर्य नाही.

संशोधनाचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नाही, असेही म्हणता येईल. केंद्र शासनाच्या अपघातविषयक वार्षिक अहवालात २०२२ मध्ये देशभरातील सुमारे १ लाख ६८ हजार रस्ते-मृत्यूंपैकी मद्य वा अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास दाखविले आहेत. हा आकडा पोलीस नोंदींवरून येतो. ज्या जखमीचे रक्त कोणी तपासलेच नाही, तो त्यात येत नाही. जव्हार-मोखाड्यातील किती जखमी अशा रीतीने हिशोबाबाहेर राहतात, हे या अहवालातून कळण्याचा मार्ग नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. होय, लिहितो. उपचारासाठी घेतलेल्या रक्ताची नोंद रुग्णपत्रिकेत होते. पोलिसांनी मागितलेला नमुना निराळा असतो. रुग्ण दाखल असताना असा नमुना घ्यावयाचा झाल्यास कायद्याने प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते, आणि उपचारात बाधा येईल असे वाटल्यास डॉक्टर हरकत घेऊ शकतात. आम्ही ती घेतलीही आहे. विम्याची भीती अनेकांना असते. नोंद टाळल्याने दावा सुरक्षित होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की चाचणी झाली नसली तरी अन्य परिस्थितीवरून मद्यपान सिद्ध करण्यास विमा कंपनीला वाव आहे. शिवाय प्रत्येक अपघातात दुसरीही बाजू असते. डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बाईला गाडीने उडविले, तर तिच्या मुलांना तो कागद हवा असतो.

अशाच एका प्रकरणात आम्ही उणे पडलो. चालकाचे रक्त वेळेत घेतले गेले, परंतु सवयीने आमच्या परिचारिकेने आधी कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरविला. १९५९ च्या नियमांत नेमके हेच निषिद्ध आहे. एवढ्याने आकडा फारसा बदलत नाही, असे प्रयोग सांगतात. पण शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. सप्टेंबर २००२ मधील वांद्र्याच्या गाजलेल्या अपघाताच्या खटल्यातही मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ च्या निकालात रक्ताच्या नमुन्याची हाताळणी संशयातीत मानली नव्हती. महानगरात जे घडते, ते पाड्यावर घडणार नाही असे थोडेच आहे? दोष परिचारिकेचा नव्हता. तिला कोणी शिकविलेच नव्हते.

त्यानंतर अपघात विभागात एक वेगळा डबा ठेवला आहे. त्यात मद्यार्कविरहित जंतुनाशक, राखाडी टोपणाच्या फ्लोराइडच्या नळ्या, लाख, मोहोर आणि वेळ लिहिण्याचे छापील पत्रक असते. अपघाताची वेळ, रुग्ण पोहोचल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि नमुना पोलिसांच्या हाती दिल्याची वेळ असे त्या पत्रकात चार रकाने आहेत. पहिला रकाना बहुधा रिकामा राहतो. म्हणून रुग्णासोबत येणाऱ्यांना आमची विनंती आहे की अपघात किती वाजता झाला हे अंदाजाने का होईना, पण सांगावे. नमुन्यांसाठीचे छोटे शीतकपाट एका देणगीदार कुटुंबाने दिले आहे. वीज गेल्यावर ते चार तास थंड राहते, आणि पावसाळ्यात येथे वीज त्याहून अधिक वेळ जाते. त्याला जोडावयाच्या बॅटरीचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेपुढे ठेवला आहे.